चंद्रकोरी शेपटीचा मासा

पौष सरत आला की निपाणीकडची हवा बदलते. कापून रानात पसरलेल्या तंबाखूवर दव पडतं, सकाळचं ऊन चढू लागतं आणि जमिनीलगत एक वास उठतो. गुळमट, तिखट, घशात खवखवणारा. लग्नानंतर मी बेळगावची झाले, पण हंगामात एकदा तरी माहेरी जातेच. संकेश्वर मागं पडलं की मोटारीच्या खिडकीतून तो वास आत येतो आणि माझा पदर आपोआप नाकाकडे जातो. शेजारच्या बाईला वाटतं, हिला तंबाखू सोसत नाही. तंबाखूच्या रानात रांगलेल्या मला तो सोसायला काय झालं? पण त्या वासात मला एक मासा दिसतो. हिरवागार, पिवळ्या शेपटीचा. मी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. आमचं घर जैनांचं. मासा हा शब्ददेखील आमच्याकडे जेवताना कुणी उच्चारत नसे.

तो हंगाम लढाई संपल्यानंतरचा पहिला. माझा थोरला भाऊ भूपाल, आमचा अण्णा, सिंगापूर पडलं तेव्हापासून जपान्यांच्या कैदेत होता. आधी बेपत्ता म्हणून कळलं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. लढाई थांबली, फटाके वाजले, आणि मग सरकारी तार आली की कैदेत असताना मरण पावला. कुठं, कशानं, याचा एक शब्द नाही. तार वाचून दाखवणारा पोस्टमन सायकल धरून बराच वेळ अंगणात उभा राहिला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला म्हणाले, "जा रं बाबा, तुझी काय चूक." आणि खुरपं घेऊन रानात गेले. तंबाखूचे फुटवे काढायचे दिवस होते. फुटवा आज काढला नाही तर पान जाड होत नाही. दुःखासाठी पीक थांबत नाही, एवढंच आप्पांना ठाऊक होतं.

अण्णा सैन्यात जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुंगी दिसली तर पाय वळवून टाकणारा माणूस. बेळगावच्या कॉलेजात तो शास्त्र शिकायला गेला होता. परीक्षेत बेडूक चिरायचा असतो हे त्याला आधी माहीत नसावं. त्यानं सुरी हातात घेतली नाही. नापास झाला आणि परत आला. आप्पा बोलले नाहीत, आईनं मात्र दृष्ट काढली. मग तो निपाणीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर झाला. त्याच्या बोटांना सदा टिंक्चरचा वास यायचा, आणि दुखऱ्या पोराला तो अशा हलक्या हातानं पट्टी बांधायचा की पोर रडायचं विसरायचं. लढाई पेटल्यावर त्याच डॉक्टरांच्या ओळखीनं तो लष्करी इस्पितळात लागला. आईला म्हणाला, "मारायला कुटं चाललोय गं? मारलेल्यास्नी औषध लावायला चाललोय." आईनं त्याच्याकडून एकच वचन घेतलं. तिथं काहीही होवो, तोंडात अभक्ष्य घालायचं नाही. अण्णा हसून "व्हय" म्हणाला.

त्या हंगामात मी माहेरी होते. घरात माणूस कमी, रानात काम उदंड. पान कापून पालथं घालायचं, उलथायचं, दवात मऊ झालं की पहाटे गोळा करायचं. बायका तोंडाला फडकी बांधून काम करायच्या, तरी शिंकांनी बेजार व्हायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. आईला त्या हंगामात त्याचा आधार होता. सगळ्याच बायकांचे डोळे लाल. तिचे कुठले आणि तंबाखूचे कुठले, कुणाला कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी बांधावरून एक माणूस येताना दिसला. अंगात खाकी लोकरीचा कोट, उन्हात सुद्धा काढला नव्हता. कोट मोठा होता का माणूस लहान झाला होता, कळेना. दर दहा पावलांवर थांबत होता. जवळ आल्यावर त्यानं टोपी काढली.

"तुमी भूपालचं आप्पा न्हवं?"

"व्हय. तू कोण?"

"मी यल्लाप्पा. पिरनवाडीचा. बेळगावच्या पल्याडली पिरनवाडी. भूपालसंगट हुतो मी, शेवटपातुर."

आप्पांच्या हातातलं पान खाली पडलं. त्यांनी ते उचललं, झटकलं, पुन्हा ओळीत नीट ठेवलं, आणि म्हणाले, "घरला चल."

दिवस मावळायच्या आत जेवायचं आमच्या घरचं वळण. आईनं लगबगीनं भाकरी टाकली. यल्लाप्पानं मात्र नुसतं ताक घेतलं. म्हणाला, पोट अजून धरत न्हाई. सोप्यावर तो भिंतीला टेकून बसला, समोर आप्पा, दाराआड आई, आणि मी तिच्या पाठीशी. तो जमिनीकडे बघत बोलत राहिला.

सिंगापूरहून त्यांना जहाजात कोंबून नेलं. किती लांब, कुठं, कुणी सांगितलं नाही. उतरवलं ते एका बेटावर. पुढं समुद्र, मागं जंगल. सकाळपासून माती उपसायची, झाडं तोडायची. तांदूळ मिळायचा तो मूठभर, पुढंपुढं तोही बंद झाला. अण्णाच्या इस्पितळात आजारी माणसं होती, औषध नव्हतं. तो उकळलेल्या पाण्यानं जखमा धुवायचा आणि माणसांशी बोलत बसायचा.

"खायाचा काय रं?" आईनं आतून विचारलं.

यल्लाप्पाची नजर आप्पांकडे गेली. आप्पांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की कुणालाही कळावं, आप्पा त्याच्याकडे खोटं मागतायत. 'खरं सांगू नगंस' असं ते डोळे म्हणत होते.

"आदी पाला खाल्ला, आई. नारळ गावला तर नारळ."

"आनि?"

"मग कंद. जंगलातलं."

कंदमूळही आम्हाला वर्ज्य. आईचा श्वास मला ऐकू आला. "आनि?"

"भागीरथी," आप्पा आईला म्हणाले, "पुरं."

"न्हाई. त्याला सांगू दे. माझ्या लेकाचं हाय ते."

यल्लाप्पानं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. "आनि मासा, आई. पर आदी नीट ऐकून घ्या."

त्यानं सांगितलं ते असं. बेटाभोवती पोवळ्यांचे खडक होते. ओहोटी लागली की पाणी गुडघ्याएवढं व्हायचं आणि काचेसारखं स्वच्छ. त्यात नाना रंगांचे मासे. उपाशी माणसं त्यांवर तुटून पडली. पहिल्याच आठवड्यात चौघं मेले. हात लावला की फुगणारा एक मासा होता, तो त्यांनी खाल्ला होता. बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली, मग हातपाय गेले. त्यानंतर अण्णा रोज ओहोटीच्या वेळी खडकावर जाऊन बसू लागला. त्याला मासा खायचा नव्हता. तो नुसता बघायचा. कुठला मासा काय खातो, कुठं राहतो, बेटावरचे लोक लांबवर जाळं टाकतात ते कुठला मासा ठेवतात आणि कुठला फेकून देतात. कॉलेजात शिकलेलं जेवढं आठवत होतं तेवढं आठवून तो ओळख पटवायचा. माणसं धरलेले मासे त्याच्यापुढं आणून टाकायची आणि तो बोटानं दाखवायचा. हा चालेल. हा नको. ज्या हातानं बेडूक चिरला नाही त्या हातापुढं माशांचा ढीग पडायचा.

"पर काय काय मासं त्यालाबी वळकू येत न्हवतं," यल्लाप्पा म्हणाला. "माणसं तर भुकेनं येडी झालती. तवा त्यो म्हणाला, थांबा. मी आदी खातो. तुकडा जिभंवर धरायचा, मग गिळायचा, मग सावलीत बसायचा. आमी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. त्याला काय झालं न्हाई तर आमी खायचं. मी म्हटलं, भूपाल, तुज्या आईला काय सांगशील? तर म्हणाला, ती इचारील तवा खरं सांगीन."

बाहेर गडीमाणसं पानाच्या पेंढ्या बांधत होती, त्यांच्या शिंका ऐकू येत होत्या. मग आईचा आवाज आला. अगदी रोजचा, स्वयंपाकघरातला आवाज.

"मीठ तरी हुतं का रं?"

यल्लाप्पानं पहिल्यांदाच मान वर केली. त्याला रडू फुटलं. "समुद्राचं पाणी हुतं, आई. त्यातच शिजवायचो."

त्या दिवसापासून आईनं मीठ सोडलं. आमच्यात रस सोडायचं व्रत असतं, कुणी तूप सोडतं, कुणी गूळ. लोकांना वाटलं, बाई व्रतस्थ झाली. देवळात तिचं कौतुक झालं. आई कौतुक ऐकून घ्यायची आणि अळणी आमटी भाकरीशी कालवायची. अण्णानं वचन मोडलं यावर ती कधीही एक शब्द बोलली नाही. आप्पांनी मात्र त्या संध्याकाळी यल्लाप्पाला बजावलं, "ही गोष्ट गावात बोलू नगंस. तापानं गेला म्हणून सांगणार मी." समाजात अजून माझ्या धाकट्या भावंडांची लग्नं व्हायची होती. यल्लाप्पानं मान हलवली. मला आप्पांचा राग आला. आज येत नाही. लेक गेला होता, निदान त्याचं नाव तरी शाबूत राहावं असं त्यांना वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मोटारीच्या वाटेपर्यंत मी यल्लाप्पाला सोडायला गेले. दोन्ही बाजूंना तंबाखू वाळत पडली होती, हिरव्याची तपकिरी होत होती. निम्म्या वाटेत तो थांबला.

"आक्का, माशाचं ईष बाधून गेला एवढंच घरात बोललो. एक सांगितलं न्हाई. ज्या माशानं भूपाल गेला, त्यो मासा मीच धरलता."

तो मासा तोवर कुणी खाल्लेला नव्हता असं तो म्हणाला. अण्णा त्याला खूप दिवस पाण्यात बघत होता, त्याला तो फार आवडायचा, पण खाण्याजोगा आहे की नाही हे ठरत नव्हतं. यल्लाप्पानं तो धरून आणला. अण्णानं नेहमीसारखा तुकडा खाल्ला. थोड्या दिवसांनी त्याचे पाय सुजले. मग पोट, मग तोंड. पायावर बोट दाबलं की खळगा पडून राहायचा. दम लागायचा. आणि एका सकाळी उठलाच नाही.

"ईष चढलं त्याला हळूहळू. माज्या हातचं ईष."

"कसा होता तो मासा?" मी विचारलं. का विचारलं, मलाही कळलं नाही. पण यल्लाप्पा उभ्या उभ्या सांगू लागला, आणि सांगताना त्याचा चेहरा वेगळाच झाला. वीतभर लांब. राघूसारखा हिरवा, मधेच निळा. तोंडावर गुलाल ओढावा तशा आडव्यातिडव्या गुलाबी रेघा. शेपूट हलवून पोहायचा नाही, कानामागचे दोन पंख पाखरासारखे मारत जायचा. आणि शेपटीत पिवळीधमक चंद्रकोर, बायका कपाळाला लावतात तशी. दिवसभर खडकांत हुंदडायचा, अंधार पडायला लागला की कपारीत शिरायचा. "त्याची पिल्लं येगळी दिसायची, शेपटीच्या बुडाला काळा ठिपका. आमाला वाटायचं, दुसराच मासा. भूपाल म्हणायचा, न्हाई यल्ल्या, ह्यो आन त्यो एकच. मोटा हुताना रंग बदलतोय. लई खूश झालता त्या दिवशी."

उपासमारीत, कैदेत, मरणाच्या दारात माझा भाऊ एक दिवस खूश झाला होता. हे ऐकून मला जे झालं त्याला आनंद म्हणवत नाही.

बेळगावला परतल्यावर मी आमच्या ह्यांच्या मागं लागले. हे कोर्टात कारकून. त्यांनी रजा काढली आणि मला अण्णाच्या जुन्या कॉलेजात घेऊन गेले. जीवशास्त्राचे सर तेच होते, केस पांढरे झालेले. त्यांच्या खोलीत काचेच्या बरण्यांतून साप, बेडूक, नाना जीव स्पिरिटात बुडवून ठेवले होते. मी खाली मान घालून बसले. अण्णाचं नाव सांगताच ते म्हणाले, "बेडूक न चिरणारा भूपाल? त्याचा हात चांगला होता हो. चित्रं सुंदर काढायचा." तो गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग मी मासा सांगितला. ते मधे मधे विचारत गेले. पंखांनी पोहायचा, नक्की? शेपटीची टोकं लांब का आखूड? पाणी उथळ का खोल? मला जेवढं यल्लाप्पानं दिलं होतं तेवढं मी दिलं. पोवळ्यांचे खडक म्हटल्यावर ते उठले आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. रंगीत पानं उलटत उलटत एका पानावर थांबले आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

तोच होता. हिरवा, गुलाबी रेघांचा, चंद्रकोरीच्या शेपटीचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखला.

"या कुळाला इंग्रजीत रॅस म्हणतात," सर म्हणाले. "याच्या शास्त्रीय नावातच चंद्र आहे. आपल्या मराठीत काही नाव असल्याचं मला ठाऊक नाही. भूपालनं बरोबर हेरलं, पिल्लं वेगळी दिसतात. भल्याभल्यांनी त्यांना निराळी जात समजण्याची चूक केलेली आहे."

"हा राहतो कुठं?" मी विचारलं. माझा जीव त्या प्रश्नात अडकला होता. मासा कळला की बेट कळेल, बेट कळलं की अण्णाची माती कळेल, असं मी वाटभर मनाशी घोकत आले होते.

सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. "जिथं ऊबदार, उथळ समुद्र आणि प्रवाळ, तिथं हा. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा किनारा, आपली बेटं, आणि पार पॅसिफिकपर्यंत." त्यांचा हात नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "नाही बाई. यावरून जागा सांगता येणार नाही."

आमचे हे खोकले. मी शेवटचं विचारलं. हा विषारी असतो का?

"याला विषारी कोण म्हणालं? किनाऱ्यावरचे लोक खातात की."

मी सुजलेले पाय सांगितले, बोटाचा खळगा सांगितला, दम सांगितला. सरांनी पुस्तक मिटलं. मग फार हळू म्हणाले, "विषानं माणूस काही तासांत जातो. असा दिवसागणिक सुजत नाही. ही सूज उपासाची. अन्नच नसलं की शरीर असं फुगतं. त्या माशाचा यात काही दोष नाही."

बाहेर आल्यावर आमचे हे म्हणाले, "त्या यल्लाप्पाला सांगायला हवं. बिचाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल." मलाही तसंच वाटलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही टांग्यानं पिरनवाडीला गेलो. भातं निघून गेलेली, नुसती खुंटं उभी राहिलेली शेतं. यल्लाप्पा अंगणात बसला होता, अजून त्याच कोटात. मी सगळं सांगितलं. मासा विषारी नव्हता. तुमच्या हातून काही झालं नाही. अण्णा उपासानं गेला.

तो सुटकेचा श्वास टाकील म्हणून मी वाट बघत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हंजी नुसता उपाशी मेला व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"त्यो आमच्यासाटनं मेला असं वाटायचं, आक्का. माज्या हातनं का हुईना, पर कशासाटनं तरी मेला. सगळ्यास्नी सांगायचो मी हितं. आनि आता ह्ये." तो कोटाची बटणं चाचपत राहिला. "माझ्यावरचं वझं घेतलंसा. पर आता ते ठिवू कुनावर?"

त्याच्या या प्रश्नावर मी पुढं आयुष्यभर विचार केला. जपान्यांवर ठेवावं, तर ते कुठल्या गावचे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. गोऱ्या सरकारवर ठेवावं, तर ते गाठोडं बांधून जायच्या तयारीत होतं. लढाईवर म्हणावं, तर लढाई म्हणजे कोण? दोष देण्याइतकं जवळचं असं कुणी उरलंच नव्हतं. आईला मी सरांचं बोलणं कळवलं नाही. यल्लाप्पानंच हात जोडून सांगितलं होतं, त्यास्नी ऱ्हाऊ दे. आई आपला लेक दुसऱ्यांसाठी घास चाखता चाखता गेला असं मानून जगली, आणि त्यात खोटं काय होतं? घास त्यानं चाखलेच होते.

त्या दिवशी आम्ही निघायला उठलो तेव्हा यल्लाप्पाच्या बायकोनं वाट अडवली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती. तिला आमची रीत माहीत होती. ती संकोचून म्हणाली, "आमच्या भांड्यातलं तुमाला चालत न्हाई, ठावं हाय. पर ह्येनी सकाळधरनं काय खाल्लं न्हाई. आल्यापास्नं असंच हाय बघा. आदी दुसऱ्या कुनीतरी खाल्ल्याबिगर घास उचलत न्हाईत. मी खाऊन दाखवते तवा खात्यात. आज माझा उपास हाय."

आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. मासे शिजणाऱ्या घरातलं पाणीसुद्धा मी तोवर प्याले नव्हते. मी खाली बसले, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. यल्लाप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळ्याचं पातं न लवता. मी चावलं. गिळलं. तो तसाच बघत राहिला. अंगणातली सावली थोडी सरकली.

मग त्यानं हात पुढं केला आणि घास उचलला.